परक्या सुरांचे सांगाती

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा ऐकला नाही असे मराठी कुटुंब सापडणे कठीण, मग ते इंदूरचे असो, बडोद्याचे असो की बेळगावचे. मंडपात खुर्च्या मांडलेल्या असतात, पुढे सतरंजीवर मुलांनी जागा धरलेली असते, आणि निवेदक मोठ्या ऐटीत जाहीर करतो, ‘आता आपल्यापुढे येत आहे मुकेशचा आवाज!’ पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ येतो, डोळे मिटून दोन गाणी गातो, टाळ्या घेतो आणि पडद्याआड जातो. घरी परतताना आपण म्हणतो, ‘काय हुबेहूब गायला हो!’ त्याचे नाव मात्र कोणालाच आठवत नाही. आठवणार तरी कसे? निवेदकाने ते सांगितलेलेच नसते.

पश्चिमेकडे या हुबेहूबपणाचा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. तिकडे अशा संचाला ‘ट्रिब्यूट बँड’ म्हणतात. बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीपुढचा, लाल कोटांचा बँड उभा राहतो. पण येथे बँड म्हणजे चार-सहा गायक-वादकांचा कायमचा संच. आपल्याकडचा ऑर्केस्ट्रा एका रात्रीत दहा गायकांची आठवण जागवतो. ट्रिब्यूट बँड मात्र आयुष्यभर एकाच संचाची गाणी, त्याच ढंगाने, पुष्कळदा त्याच पोषाखात सादर करीत गावोगाव हिंडतो. बीटल्स मंडळी १९७० साली विभक्त झाली. पुढे त्यांच्या गाण्यांवरील एका संगीतिकेत लंडनमध्ये काम केलेल्या कलावंतांनी १९८० मध्ये ‘बूटलेग बीटल्स’ हा संच उभा केला, आणि पाहता पाहता अशा संचांचे पीक आले. दुसऱ्याचे सूर घेऊन फिरणाऱ्या या माणसांचे पुढे काय होते, संच सोडल्यावर त्यांच्या हाती स्वतःचे म्हणून काय उरते, हा या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी एकच उदाहरण जवळून पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९६५ साली ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा एक बँड जन्माला आला. जेरी गार्सिया हे त्याचे गिटारवादक आणि गायक. तीस वर्षांत या बँडने सुमारे २,३०० कार्यक्रम केले. त्यांचे वैशिष्ट्य असे की, कोणत्याही दोन रात्री सारख्या नसत. गाण्यांचा क्रम रोज निराळा. एखादे गाणे आज सहा मिनिटांत आटोपले, तर उद्या तेच वीस मिनिटे विस्तारत जाई. आपल्या ख्यालगायकाची बंदिश तीच असते, पण बढत दर मैफलीत नवी असते, तसाच हा प्रकार होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. श्रोत्यांनी आपले कार्यक्रम ध्वनिमुद्रित करू नयेत म्हणून बहुतेक कलावंत दारावर पहारा ठेवतात. ग्रेटफुल डेडने मुद्रणाला आडकाठी केली नाही. इतकेच नव्हे, तर १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. लोक आपापल्या टेपा परस्परांना देत. त्यांची विक्री करायची नाही, केवळ देवघेव करायची, असा संकेत होता. त्यामुळे कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणती गाणी कोणत्या क्रमाने वाजली, याची अशी तपशीलवार नोंद राहिली की, एखाद्या घराण्याच्या बखरीलाही हेवा वाटावा.

९ ऑगस्ट १९९५ रोजी गार्सिया वारले आणि त्या वर्षअखेर बँडने आपला संसार गुंडाळला. वर्षानुवर्षे त्यांच्या दौऱ्यामागे गावोगाव जाणारे हजारो रसिक एकाएकी पोरके झाले. टेपा होत्या, पण टेप ऐकणे निराळे आणि शेकडो माणसांत उभे राहून समोर गाणे घडताना पाहणे निराळे.

ही पोकळी ज्यांनी ओळखली, त्यांत शिकागोचे दोन तरुण होते. जॉन कॅडलेसिक गिटार वाजवीत, स्कॉट लार्नेड कीबोर्ड. ११ नोव्हेंबर १९९७ रोजी शिकागोतील ‘मार्टर्स’ नावाच्या एका छोट्या जागी त्यांच्या ‘डार्क स्टार ऑर्केस्ट्रा’चा पहिला कार्यक्रम झाला. त्यांची कल्पना साधी, पण विलक्षण होती. नुसती लोकप्रिय गाणी निवडून वाजवायची नाहीत. त्या २,३०० कार्यक्रमांतील एखादी रात्र निवडायची आणि ती पहिल्या गाण्यापासून अखेरच्या गाण्यापर्यंत त्याच क्रमाने पुन्हा उभी करायची. कोणती रात्र, हे आधी सांगायचे नाही. कार्यक्रम संपल्यावरच तारीख आणि गाव जाहीर करायचे. जाणते श्रोते दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापासून अंदाज बांधू लागतात, आपापसांत पैजा लावतात, आणि अखेरीस तारीख कळली की ‘मी म्हटले नव्हते!’ असा एकच गलका होतो.

यातले कष्ट बाहेरून दिसत नाहीत. मूळ बँडचे रूप काळानुसार बदलत गेले होते. १९७१ पासून १९७४ पर्यंत जवळजवळ संपूर्ण काळ त्यात एकच ड्रमवादक होता. १९७६ पासून पुढे दोन. १९७२ ते १९७९ या काळात एक गायिका होती, नंतर नव्हती. तेव्हा १९७३ मधील रात्र निवडली, तर दोन ड्रमवादकांपैकी एकाने आपल्या हातांना आवर घालायचा. १९८५ मधील निवडली, तर गायिकेला त्या रात्री रंगमंचावर स्थानच नाही. दौऱ्यात सर्वांबरोबर शेकडो मैल प्रवास करायचा, आणि इतिहासात आपली जागा नव्हती म्हणून त्या रात्री पडद्याआड उभे राहून दुसऱ्यांचे गाणे ऐकायचे! पगारी नोकरीत इतकी निरपेक्षता कोणी कोणाकडून मागत नसेल.

शिवाय हे कलावंत मूळ टेपेतील प्रत्येक सूर पाठ करून म्हणत नाहीत. क्रम जुना, त्या काळचा ढंग जुना, वाद्यांचा नाद जुना. त्या चौकटीत मात्र त्यांनी स्वतः, त्याच क्षणी, नवे वाजवायचे असते. घराण्याची तालीम घेतलेला शिष्य गुरूची तान जशीच्या तशी उचलीत नाही. गुरूने ती कशी घेतली असती, हे त्याच्या अंगी मुरलेले असते. नक्कल आणि तालीम यांतला फरक हाच.

येथवर आपण रंगमंचावरील मंडळींविषयी बोललो. पण अशा दौऱ्यात रंगमंचामागे जी माणसे राबतात, त्यांच्यावाचून हा सारा खेळ पहिल्याच गावी कोलमडेल. दुपारी ट्रक सभागृहाच्या मागच्या दाराशी लागतो. अवजड पेट्या उतरतात. कोणत्या सालची रात्र उभी करायची आहे, हे साहाय्यकांना आधी कळावे लागते. कारण त्यावर कोणता वादक कोठे उभा राहणार, ड्रमचे संच एक की दोन, कोणते गिटार नि कोणता ध्वनिवर्धक काढायचा, हे सारे ठरते. एक जण गिटारांच्या तारा बदलून सूर लावून ठेवतो. एक जण वादकांना स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून रंगमंचावरचा आवाज सांभाळतो. सभागृहाच्या मध्यभागी शेकडो कळांच्या फलकापुढे ध्वनियोजक बसलेला असतो. गायकाचा आवाज केव्हा पुढे आणायचा आणि ड्रम केव्हा मागे सारायचे, हे त्याच्या दहा बोटांवर असते. तो चुकला तर सगळे मान वळवून त्याच्याकडे पाहतात. तो चुकला नाही तर तो तेथे आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. मध्यरात्री श्रोते गाणी गुणगुणत घरी जातात, तेव्हा या मंडळींचा अर्धा दिवस अजून उरलेला असतो. वायरी गुंडाळायच्या, पेट्या भरायच्या, ट्रक लादायचा आणि बसमधल्या अरुंद बिछान्यात अंग टाकून उद्याच्या गावाला निघायचे.

या फिरस्त्या आयुष्याची किंमत कधीकधी फार मोठी असते. २००५ च्या एप्रिलमध्ये दौरा चालू असतानाच स्कॉट लार्नेड यांचे हृदयविकाराने निधन झाले. ज्यांनी हे बिऱ्हाड मांडले, त्या दोघांपैकी एक ऐन तारुण्यात, वाटेतच गेला. पुढे त्यांच्या जागी रॉब बराको आले. नवल असे की, बराको यांनी त्याआधी ग्रेटफुल डेडच्या हयात सभासदांच्या संचात प्रत्यक्ष साथ केलेली होती. म्हणजे मुळाशेजारी बसून आलेला माणूस आता प्रतिकृतीत येऊन बसला. या वाटेवरची रहदारी एकेरी नाही, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आले.

चार वर्षांनी तीच वाट उलट दिशेने चालली गेली. २००९ मध्ये मूळ बँडचे फिल लेश आणि बॉब विअर यांनी ‘फर्दर’ नावाचा नवा संच काढायचे ठरविले. गार्सियांच्या जागी गिटार कोणी घ्यायची? त्यांनी बोलावले जॉन कॅडलेसिक यांना. बारा वर्षे ज्याने गार्सियांची शैली आत्मसात केली, तो आता गार्सियांच्या खऱ्याखुऱ्या साथीदारांच्या मधोमध उभा राहिला. एखाद्या चित्रकाराने मूर्तीची शेकडो चित्रे काढावीत आणि एके दिवशी पुजाऱ्याने त्याला गाभाऱ्यात बोलवावे, असाच हा प्रसंग होता. त्या वर्षअखेर कॅडलेसिक यांनी स्वतः उभारलेला संच सोडला. त्यांची जागा जेफ मॅटसन यांनी घेतली.

हे भाग्य खरे. पण त्यात एक कोडेही होते. आपल्या संचात असताना ‘अगदी गार्सियांसारखे’ ही सर्वांत मोठी शाबासकी होती. मूळ साथीदारांशेजारी उभे राहिल्यावर तेच शब्द काही जणांच्या तोंडून तक्रार म्हणून येऊ लागले. सावली वेगळी होती तोवर तिचे कौतुक. ती देहाशेजारी उभी राहिली की लोक तिच्यात वेगळेपण शोधू लागतात. २०१४ मध्ये ‘फर्दर’ विसर्जित झाला. कॅडलेसिक यांनी आपल्या नावाचाही संच काढला आणि स्वतःची गाणीही गायिली. इकडे त्यांचे जुने बिऱ्हाड मॅटसन यांच्यासह चालूच राहिले. आज त्याच्या कार्यक्रमांची संख्या तीन हजारांच्या वर गेली आहे. मूळ बँडने तीस वर्षांत जितके कार्यक्रम केले, त्याहून हे अधिक आहेत.

असे बोलावणे येणारे ते एकटे नव्हेत. अमेरिकेतील ओहायो राज्यातले टिम ओवेन्स इंग्लंडच्या ‘जूडस प्रीस्ट’ या बँडची गाणी गाणाऱ्या एका ट्रिब्यूट बँडमध्ये गात. मूळ गायक रॉब हॅलफर्ड बाहेर पडले होते. ओवेन्स यांच्या गाण्याची एक चित्रफीत मूळ बँडपर्यंत पोहोचली, आणि १९९६ मध्ये त्यांची थेट त्या जागी निवड झाली. १९९७ आणि २००१ साली त्यांच्या आवाजात दोन नव्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. २००१ साली या कथेवरून ढोबळपणे बेतलेला एक चित्रपटही आला. पण २००३ मध्ये हॅलफर्ड परतले, आणि ओवेन्स यांना जागा मोकळी करावी लागली. घरचा वडील मुलगा परदेशाहून परत आला की, इतकी वर्षे घर सांभाळणाऱ्या आश्रिताला आपले गाठोडे बांधावेच लागते. त्यात कोणाचा दोष असतो असे नाही; पण गाठोडे बांधणाऱ्याचे हात थरथरतातच.

कॅनडातील माँट्रियलचे बेन्वा डेव्हिड यांची कथा याहून विचित्र आहे. ते ‘येस’ या इंग्रजी बँडची गाणी सादर करणाऱ्या संचात गात. २००८ मध्ये मूळ गायक जॉन अँडरसन श्वसनाच्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळले. बँडचे ख्रिस स्क्वायर यांनी आंतरजालावर डेव्हिड यांची चित्रफीत पाहिली आणि त्यांना बोलावून घेतले. २०११ च्या ध्वनिमुद्रिकेत त्यांचा आवाज आहे. पुढे २०१२ मध्ये डेव्हिड यांनाच श्वसनाचा विकार जडला आणि त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेले जॉन डेव्हिसन हेही पूर्वी अशाच एका ट्रिब्यूट बँडमध्ये गायिलेले. परक्याचे सूर उचलावेत, त्याची जागा मिळावी आणि त्याच्या दुखण्यासारखेच दुखणे वाट्याला यावे! नियतीचा हा खेळ कोणा कादंबरीकाराने रचला असता, तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

ज्यांना असे बोलावणे येत नाही, त्यांचे काय? संख्या त्यांचीच मोठी. येथे पैशाचाही विचार केला पाहिजे. अमेरिकेत एखाद्या सभागृहात दुसऱ्याची गाणी वाजवायची, तर सभागृहाचा मालक गीतकार-संगीतकारांच्या हक्क सांभाळणाऱ्या संस्थांना ठराविक शुल्क भरतो, आणि ते अखेरीस मूळ रचनाकारांकडे व प्रकाशकांकडे जाते. हे न्याय्यच आहे. पण त्यामुळे ट्रिब्यूट बँडमधल्या वादकाच्या पदरी त्या रात्रीच्या बिदागीपलीकडे काही पडत नाही. वीस वर्षे वाजवूनही म्हातारपणी स्वामित्वधनाचा धनादेश त्याच्या दारी येत नाही. रंगमंचामागच्या माणसांची स्थिती आणखी नाजूक. त्यांपैकी बहुतेकांची कमाई कामाच्या दिवसांवर अवलंबून. २०२० च्या मार्चमध्ये महामारीने जगभरची सभागृहे बंद पडली, तेव्हा त्यांचे उत्पन्न एका आठवड्यात शून्यावर आले. कित्येकांनी मिळेल तो दुसरा उद्योग पत्करला आणि काही जण या व्यवसायात पुन्हा परतलेच नाहीत. त्यांच्या हातातली विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. माणूस गेला की तीही गेली.

ही विद्या किती मोलाची असते, हे माँट्रियलच्याच दुसऱ्या एका संचावरून कळते. १९९३ मध्ये स्थापन झालेला ‘द म्यूझिकल बॉक्स’ हा संच ‘जेनेसिस’ या बँडचे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील रंगमंचीय प्रयोग पुन्हा उभे करतो. जेनेसिसच्या १९७४-७५ मधील एका गाजलेल्या प्रयोगात पडद्यावर हजाराहून अधिक पारदर्शिका एकामागून एक झळकत. त्या प्रयोगाचे संपूर्ण चित्रीकरण कोणी केलेच नव्हते. तेव्हा जुनी छायाचित्रे, श्रोत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे आणि मूळ बँडने परवानगीपूर्वक दिलेल्या पारदर्शिका एवढ्या सामग्रीवर या मंडळींनी तो प्रयोग दिव्यांसकट, पोषाखांसकट पुन्हा उभा केला. जेनेसिसचे एकेकाळचे गायक पीटर गेब्रिएल आपल्या मुलांना घेऊन त्यांचा कार्यक्रम पाहायला गेले होते. तरुणपणी आपण काय करीत होतो, हे मुलांना दाखविण्यासाठी! बापाने आपला भूतकाळ मुलांना दाखवायचा, आणि तो जपून ठेवलेला असावा परक्यांनी, यातच या अनामिकांच्या श्रमाचे सार्थक नाही काय?

आपल्याला हे सारे वाटते तितके अनोळखी नाही. बडोद्यात जन्मलेले भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर नाटक मंडळीचे प्राण होते. १९०१ साली ते वारले आणि त्यांच्या भूमिका पोरक्या झाल्या. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, त्याच मंडळीत आले आणि मिरजेस शकुंतला होऊन उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांच्या कानांत अजून भाऊरावांचा आवाज घुमत होता. नवा माणूस जुन्या जागेवर उभा राहतो, तेव्हा तो प्रथम उसन्या उजेडातच उभा असतो. बालगंधर्वांनी तो उजेड स्वतःचा केला. पुढे त्यांचीही पदे, त्यांच्या हरकती-मुरक्या गाणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. त्यांच्या साथीला तबल्यावर थिरकवाखाँसाहेब आणि सारंगीवर कादरबक्ष असत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पडदा ओढणारा, दिवे सांभाळणारा, पहाटे सामान बैलगाड्यांवर चढविणारा कोण होता, हे कोणी लिहून ठेवले आहे काय?

आणि खरे म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपणा सर्वांनाच या प्रश्नाचा एक हळवा कोपरा ठाऊक आहे. आपण जी गाणी, जे सण, जी भाषा जपतो, ती आपण निर्माण केलेली नाही. पुण्या-मुंबईचा पाहुणा कधी कौतुकाने, कधी गमतीने म्हणतो, ‘तुमचे मराठी अगदी जुन्या वळणाचे हो!’ त्या वाक्यात शाबासकी किती आणि चिमटा किती, हे आपले आपणच ठरवायचे असते. पण जपणाराही काही भर घालतो. १९७७ सालची रात्र आज उभी करणारा वादक ती रात्र जशीच्या तशी परत आणू शकत नाही; तो तिच्यात स्वतःची एक रात्र मिसळतो. ती मिसळलेली रात्र त्याची असते. संच सोडल्यावर त्याच्या हाती जे उरते, ते एवढेच. आणि हेही थोडे नव्हे.

डार्क स्टार ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम संपताना मूळ रात्रीची तारीख आणि गाव सांगितले जाते, हे वर आलेच आहे. आपल्याकडे एवढे आणखी करता येईल. यंदा गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा संपला आणि मंडप रिकामा होऊ लागला की, पांढऱ्या कोटातल्या त्या गृहस्थाला गाठून त्याचे नाव विचारावे. आणि त्यानंतर, कोपऱ्यात वायरी गुंडाळीत बसलेल्या माणसाचेही.